उत्तर कोरिया : राजाचा नातू राजा, 'वैऱ्या'चा नातू वैरी

उत्तर कोरिया म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक क्षेपणास्त्रे आणि दुसरे किम जोंग उनच्या केसांवरचे विनोद. टीव्हीवाले त्याला 'सनकी हुकूमशहा' म्हणून दाखवतात, व्हॉट्सॲपवर मीम फिरतात, आपण हसतो आणि पुढे जातो. पण एका माणसाच्या सनकीवर कोणतेही राज्य पंचाहत्तर वर्षांहून अधिक चालत नाही. त्यामागे व्यवस्था असावी लागते. त्या व्यवस्थेचा पाया आहे जन्म. आणि जन्मावर उभी असलेली व्यवस्था ओळखायला आंबेडकरी माणसाला कोणाची शिकवणी लागत नाही.

उत्तर कोरियात सत्ता आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच देशात गुन्हाही आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे जातो, हे फार थोड्यांना माहीत आहे. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वर गादी वारसाने मिळत असेल, तर खाली कलंकही वारसानेच मिळणार. हा लेख त्याबद्दल आहे.

कोरियाचे अस्पृश्य

सुरुवात थोडी मागून करावी लागेल, कारण कोरियाला जन्माधारित उतरंड नवी नव्हती. १३९२ ते १९१० अशी पाचशे वर्षे तिथे चोसोन राजवंशाचे राज्य होते. वर यांगबान म्हणजे जमीन, विद्या आणि पदे ताब्यात असलेला सरंजामी वर्ग, मध्ये कारकून-वैद्य, त्याखाली शेतकरी आणि सर्वांत खाली नोबी म्हणजे गुलाम आणि बेकजोंग म्हणजे जनावरे कापणारे, कातडे कमावणारे, टोपल्या विणणारे लोक. बेकजोंगांची वस्ती गावाबाहेर. इतर पुरुष घालतात ती घोड्याच्या केसांची टोपी त्यांनी घालायची नाही. रेशीम वापरायचे नाही. शेतकऱ्याच्या पोरापुढेही मान झुकवायची. ही यादी वाचताना कोणाला आपल्याच आजोबांची गोष्ट आठवली, तर नवल नाही.

१८९४ च्या सुधारणांनी हा दर्जाभेद कायद्याने रद्द केला. पण कायद्याने रद्द झालेली जात माणसांच्या मनातून आणि सरकारी दप्तरातून जात नाही. १९०९ मध्ये जिंजू शहरातल्या चर्चमध्ये बेकजोंगांबरोबर एकत्र प्रार्थनेला बसायला इतर ख्रिश्चनांनी नकार दिला. देव बदलला, पण बसण्याची जागा बदलली नाही. बेकजोंगांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेना आणि नोंदवह्यांत त्यांची जुनी ओळख तशीच राहिली.

मग एप्रिल १९२३ मध्ये त्याच जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. या नावातच तराजू आहे. ज्या तराजूवर बेकजोंग मांस तोलत, त्याच तराजूप्रमाणे दोन्ही पारडी समान असलेला समाज त्यांना हवा होता. नोंदवहीतली हीन ओळख पुसा, मुलांना शाळेत घ्या, अपमानाने हाक मारणे बंद करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याला उत्तर काय मिळाले? त्यांच्याकडून मांस घेण्यावर बहिष्कार. १९२५ मध्ये येचोन इथे तर त्यांच्या मेळाव्यावर जमाव चालून गेला. महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. म्हणजे आपले लोक चवदार तळ्यावर जाण्याच्या चार वर्षे आधी कोरियात गावकुसाबाहेरची माणसे समतेसाठी संघटित झाली होती, आणि त्यांच्यावरही तोच बहिष्कार आणि तीच मारहाण आली. हा इतिहास आपल्या अभ्यासवर्गांत यायला हवा.

क्रांतीने काय दिले?

१९४५ मध्ये जपानचे राज्य संपले आणि ३८ व्या अक्षांशावर देश तुटला. उत्तरेत सोव्हिएत सैन्य, दक्षिणेत अमेरिकन. सोव्हिएत सैन्याने पुढे आणलेला, मांचुरियात जपान्यांविरुद्ध गनिमी लढाई केलेला किम इल सुंग उत्तरेचा नेता झाला. मार्च १९४६ मध्ये तिथे जमीन सुधारणा झाली. जमीनदारांच्या जमिनी मोबदला न देता काढून घेतल्या आणि सात लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांना दिल्या. त्याच वर्षी स्त्री-पुरुष समानतेचा कायदा आला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला जमीन मिळाली, तेव्हा त्याला हे राज्य आपले वाटले असेल तर त्यात त्याची चूक काय?

त्यानंतर १९५० ते १९५३ चे युद्ध झाले. अमेरिकन विमानांनी कोरियावर सहा लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. प्योंगयांगमध्ये उभी इमारत शोधावी लागत होती. या जखमेशिवाय उत्तर कोरिया समजत नाही. वेढ्यात असल्याची भावना खरी होती. पण राज्यकर्त्या घराण्याने त्या भावनेचे भांडवल केले आणि आजही त्यावरच व्याज खात आहे.

प्रश्न असा की गरिबाला जमीन देणाऱ्या क्रांतीचे पुढे काय झाले?

सोंगबुन : न दिसणारा जातीचा दाखला

१९५६ मध्ये पक्षातल्याच काही नेत्यांनी किमच्या व्यक्तिपूजेवर टीका केली. ते लवकरच पक्षाबाहेर फेकले गेले. त्यानंतर सगळ्या जनतेची चाळणी सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली ही मोहीम १९७० च्या आसपास पूर्ण झाली. प्रत्येक माणसाची चौकशी झाली. चौकशीचा मुख्य प्रश्न 'तू काय केलेस' हा नव्हता. 'जपानी राजवटीत तुझा बाप, तुझा आजोबा कोण होता आणि युद्धात कोणत्या बाजूला होता' हा होता.

त्यातून तीन वर्ग आणि त्यांचे ५१ पोटवर्ग तयार झाले. पहिला 'गाभ्याचा' वर्ग : गनिमांचे वंशज, युद्धात मेलेल्या सैनिकांची कुटुंबे, गरीब शेतकरी, कामगार. दुसरा 'डळमळीत' वर्ग : छोटे व्यापारी, कारागीर, जपानहून परतलेले. तिसरा 'वैरी' वर्ग : जमीनदारांचे, जपान्यांच्या नोकरांचे, धार्मिक लोकांचे, दक्षिणेत पळून गेलेल्यांचे वंशज. अभ्यासकांच्या अंदाजाने गाभ्यात साधारण २८ टक्के, मध्ये ४५ टक्के आणि तळाशी २७ टक्के लोक येतात. या दर्जाला म्हणतात सोंगबुन. बोलीभाषेत लोक टोमॅटो, सफरचंद आणि द्राक्ष म्हणतात. टोमॅटो आतबाहेर लाल, सफरचंद फक्त सालीवर लाल, आणि द्राक्षाचा तर प्रश्नच नाही.

सोंगबुन बापाकडून मुलाकडे जातो. त्यावरून ठरते की मूल विद्यापीठात जाईल की खाणीत, सैन्यात कोणत्या तुकडीत जाईल, पक्षाचे सदस्यत्व मिळेल की नाही, प्योंगयांगमध्ये राहता येईल की ईशान्येच्या डोंगराळ भागात आयुष्य काढावे लागेल. लग्नही त्यावरूनच ठरते. चांगल्या सोंगबुनचे घर खालच्या सोंगबुनची सून आणत नाही, कारण त्याने मुलांच्या भवितव्यावर डाग पडतो.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांनी इथे थांबावे. जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग आणि दार बंद करण्याचे साधन म्हणजे अंतर्विवाह, हे त्या निबंधाचे सूत्र. किम इल सुंगने काय केले? वर्ग घेतला, त्याला जन्माचे कुलूप लावले आणि जात तयार केली. फक्त मनुस्मृतीच्या जागी पोलीस खात्याची फाईल आली.

आपल्याकडे आडनाव विचारून जात काढतात. तिथे आडनावाचा उपयोग नाही, कारण निम्मा देश किम, ली आणि पाक आहे. तिथे माणसाची सावली विटाळत नाही, फाईल विटाळते. आणि ती फाईल त्याला कधी दाखवली जात नाही. देश सोडून आलेल्या कित्येकांनी सांगितले आहे की शाळेत पहिला नंबर असूनही विद्यापीठाने नाकारले, तेव्हा पहिल्यांदा कळले की आपल्या आजोबांबद्दल काहीतरी लिहून ठेवले आहे.

गंमत म्हणजे उत्तर कोरियाच्या संविधानाचे ६५ वे कलम सर्व नागरिकांना समान हक्क देते. सोंगबुनचा उल्लेख संविधानात नाही आणि सरकार तो भेदभाव मान्यही करत नाही. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईट ठरेल, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत का बजावले होते, ते इथे लख्ख दिसते.

गादीचा वारसा

आता वरचे टोक पाहू. उत्तर कोरियात १९७० मध्ये निघालेल्या राजकीय शब्दकोशात वंशपरंपरागत वारसा ही शोषक समाजांतली प्रतिगामी प्रथा असल्याची नोंद होती. १९७२ च्या आवृत्तीतून ती नोंदच गायब झाली. का गायब झाली, हे पुढे कळले. १९७४ मध्ये पक्षाच्या आत मुलगा किम जोंग इल वारस ठरला आणि १९८० च्या सहाव्या पक्ष अधिवेशनात तो जगापुढे आला. शब्दकोशातले पान फाडून गादीची वाट मोकळी केली गेली. ज्ञानावर कोणाचा ताबा आहे यावरून सत्य काय ते ठरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग आली पुराणकथा. सोव्हिएत कागदपत्रांनुसार किम जोंग इलचा जन्म १९४१ मध्ये खबारोव्स्कजवळच्या सोव्हिएत गावात झाला. अधिकृत चरित्रात मात्र तो १९४२ मध्ये पवित्र पेक्तू पर्वतावर जन्मला आणि त्या वेळी आकाशात दुहेरी इंद्रधनुष्य आणि नवा तारा दिसला. अवतार जन्माला घालण्याचा हा कारखाना आपल्या ओळखीचा आहे. देव न मानणाऱ्या राज्यातही पुरोहितशाही येऊ शकते. तिला फक्त एक पवित्र घराणे आणि प्रश्न विचारायची बंदी, एवढेच लागते.

१९७४ मध्येच 'दहा तत्त्वे' जाहीर झाली. नेत्याशी संपूर्ण निष्ठा हा त्यांचा गाभा. प्रत्यक्ष व्यवहारात ती संविधानाच्याही वर आहेत. प्रत्येकाने ती पाठ करायची, दर आठवड्याच्या बैठकीत त्या मापाने स्वतःची आणि शेजाऱ्याची चूक सांगायची. १९९४ मध्ये किम इल सुंग मेला. १९९८ च्या संविधानाने त्याला 'शाश्वत राष्ट्राध्यक्ष' केले, म्हणजे मेलेला माणूस पदावर कायम. डिसेंबर २०११ मध्ये किम जोंग इल मेला आणि विशीतला किम जोंग उन आला. २०१३ मध्ये तत्त्वे सुधारली, तेव्हा पक्ष आणि क्रांती 'पेक्तूच्या रक्ताने' पुढे न्यायची, असे त्यात लिहूनच टाकले. त्याच वर्षी काका जांग सोंग थेकला मृत्युदंड झाला. २०१७ मध्ये सावत्र भाऊ किम जोंग नाम क्वालालंपूरच्या विमानतळावर विषारी रसायनाने मारला गेला. जिथे रक्त हाच हक्क, तिथे रक्ताचे नातलग हेच सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी असतात. नोव्हेंबर २०२२ पासून किम जोंग उन आपल्या लहान मुलीला क्षेपणास्त्रांच्या पार्श्वभूमीवर जगाला दाखवतो आहे. चौथी पिढी तयार होत आहे.

आता या घराण्याला त्याचाच नियम लावून पाहा. किम इल सुंगची आई ख्रिश्चन, चर्चमधल्या पुढाऱ्याची मुलगी. म्हणजे धार्मिक घराणे, म्हणजे वैरी वर्ग. किम जोंग उनची आई को योंग हुई जपानमधल्या ओसाकात जन्मलेली. म्हणजे जपानहून आलेली, संशयित. दुसऱ्या कोणाच्या फाईलमध्ये या नोंदी असत्या तर त्याचा नातू खाणीत असता. म्हणूनच को योंग हुईचे मूळ जनतेला सांगितले जात नाही. शुद्ध रक्त हे नेहमी खोटेच असते. ते शुद्ध आहे असे म्हणण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याचेच ते शुद्ध ठरते.

कलंकाचा वारसा

खालच्या टोकाला काय होते? राजकीय गुन्हेगाराचे कुटुंब तीन पिढ्यांपर्यंत शिक्षा भोगते. १९५९ पासून जपानमधले सुमारे ९३ हजार कोरियन आणि त्यांचे जोडीदार समाजवादी मातृभूमीच्या ओढीने उत्तर कोरियात गेले. कांग चोल ह्वानचे आजी-आजोबा त्यांतलेच, खाऊनपिऊन सुखी घरातले आणि कट्टर समर्थक. १९७७ मध्ये आजोबांवर आरोप आला. नऊ वर्षांच्या कांगला आजी, वडील, काका आणि धाकट्या बहिणीसह योदोकच्या छावणीत टाकले. तो दहा वर्षे तिथे होता. आईला मात्र नेले नाही. का? ती 'चांगल्या' घराण्यातली होती. तिला घटस्फोट घ्यायला लावला. एकाच घरात नऊ वर्षांचे पोर रक्ताने गुन्हेगार आणि त्याची आई रक्ताने निर्दोष! जात कुटुंबाच्या मधोमध कशी चालते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या अहवालात अशा राजकीय छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसे असल्याचा अंदाज दिला. आणि छावणीबाहेरचे काय? १९९० च्या दशकात सोव्हिएत मदत बंद झाली, पूर आले, सरकारी रेशन कोसळले. त्या दुष्काळात किती मेले याचे अंदाज काही लाखांपासून तीस लाखांच्या पुढेही जातात. पण भूक सर्वांना सारखी लागली नाही. प्योंगयांगला आधी धान्य गेले, ईशान्येच्या हामग्योंग प्रांतांना नाही. आणि त्या भागात कोण होते? पिढ्यानपिढ्या हुसकावून लावलेले खालच्या सोंगबुनचे लोक. दुष्काळ निसर्ग आणतो, पण कोणी मरायचे हे व्यवस्था ठरवते.

लोक उठत का नाहीत? हा प्रश्न विचारणे सोपे आहे. दर वीस-चाळीस घरांमागे एक 'इनमिनबान', त्याची प्रमुख घराघरावर लक्ष ठेवते. दुसऱ्या गावी जायला परवाना. रेडिओ सरकारी केंद्रावर पक्का केलेला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने दक्षिणेच्या मालिका वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा. २००९ मध्ये २,९१४ माणसे दक्षिणेत पोहोचली होती, २०२१ मध्ये सीमा बंद असताना फक्त ६३. आणि पळालेल्याची किंमत मागे राहिलेले आईबाप मोजतात. बंडाला लागणारे धैर्य एका माणसाचे असते, पण शिक्षा तीन पिढ्यांना असते.

तरी या भिंतीला भगदाड पाडले ते बायकांनी. रेशन बंद झाल्यावर पुरुषांना पगार नसला तरी सरकारी कामावर हजर राहावे लागे. बायकांनी बाजार मांडले. नूडल्स, कपडे, चीनहून आलेला माल विकून घरे जगवली. २००९ मध्ये सरकारने चलन बदलून त्यांची साठवलेली पुंजी एका फटक्यात मातीमोल केली, तरी बाजार उरले. आज पैसे चारून काही दारे उघडतात. पण लाच देऊन मिळालेली सवलत म्हणजे समता नव्हे. फाईल तिथेच आहे.

मग आपल्याला काय?

काही मित्र म्हणतील, ही सगळी अमेरिकेची बदनामी आहे. अमेरिकेचे बॉम्ब वर सांगितलेच आहेत. पण योदोकच्या छावणीत नऊ वर्षांचे पोर अमेरिकेने टाकले नव्हते. दुसरे म्हणतील, बघा, समतेची भाषा करणाऱ्यांचे हेच होते, जुनी व्यवस्थाच बरी. त्यांना विचारा, कोरियात नव्याने आलेली गोष्ट कोणती? राजद्रोह्याच्या नातलगांना शिक्षा देण्याची प्रथा चोसोन राजांची होती, १८९४ मध्ये दर्जाभेदाबरोबर तीही रद्द झाली होती. उत्तर कोरियाने समता आणली म्हणून हे घडले नाही. समता सोडून जुनी प्रथा पुन्हा गादीवर बसवली म्हणून घडले. दक्षिणेतही डाव्यांच्या नातलगांना नोकऱ्या नाकारल्या जात, तिथेही १९८७ पर्यंत हुकूमशाही होती. पण नातलगाच्या कृत्याबद्दल कोणालाही त्रास देता येणार नाही, असे कलम १९८० मध्ये तिथल्या संविधानात आले, आणि १९८७ च्या लोकआंदोलनानंतरच्या संविधानातही ते टिकले. रोग एकच होता. एकीकडे त्यावर कायद्याचा आणि आंदोलनाचा इलाज सुरू झाला, दुसरीकडे रोगालाच राजधर्म केले.

सोंगबुन आणि जात हुबेहूब सारखी नाहीत, हेही मान्य करू. सोंगबुनला धर्माचा आधार नाही, शिवाशिव नाही, आणि वरचा माणूस एका रात्रीत खाली पडू शकतो. ती टिकवायला पोलीस लागतात. आपली जात पोलिसांशिवाय हजारो वर्षे चालली, यावरून कोणती अधिक खोल आहे ते ठरवा. पण दोन्हींचे मूळ एक आहे : माणसाची किंमत त्याच्या कृतीवरून नाही, त्याच्या जन्मावरून ठरवणे.

म्हणून कोरियाचा खरा धडा असा. उतरंड उलटी केली म्हणजे जातिअंत होत नाही. काल जो वर होता त्याचा नातू आज खाली घातला आणि त्याला जन्मभर तिथेच ठेवले, तर मडकी बदलली, उतरंड तीच राहिली. बेकजोंगांनी १९२३ मध्ये तराजू मागितला होता, दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची जागा नाही. बाबासाहेबांनीही जातीचा उच्छेद मागितला, जातींची अदलाबदल नाही. काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांचा भर साध्याइतकाच साधनावर होता, तो याचसाठी.

दुसरा धडा आपल्या घरातला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी देशाला सांगितले की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा फक्त दुसऱ्यांच्या पक्षांसाठी नव्हता. आपल्या मंडळात, आपल्या संघटनेत, आपल्या पक्षात अध्यक्षाचा मुलगा अध्यक्ष होतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो का? नेत्याला प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला आपण 'गद्दार' म्हणतो का? एखाद्याच्या बापाने कधीकाळी कोणत्या गटात काम केले यावरून आजच्या पोराची निष्ठा तपासतो का? तसे असेल, तर एक छोटी फाईल आपणही उघडली आहे. कर्तृत्वाने नेता झालेल्याच्या मुलाला नेता व्हायची बंदी नाही. पण त्याने रांगेत उभे राहावे, निवडून यावे, आणि प्रश्नांना उत्तर द्यावे.

बुद्धाने भिक्खू संघाला वारस नेमून दिला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला घराणे दिले नाही, संविधान दिले आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. वारसा सांगायचाच असेल तर तो विचारांचा सांगा, रक्ताचा नको.

जय भीम!